क्रियापदामागे ईडी

स्पष्टच लिहिते. इंग्रजी शिकायला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी बारा काळांचा तक्ता देणं बंद करायला हवं. ठाणे स्टेशनच्या दोन्ही अंगांना स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत आणि बहुतेकांची सुरुवात ह्याच तक्त्याने होते. वाईट वाटून घेऊ नका, पण त्या तक्त्याने माणसं बोलायची थांबतात.

मी ऐरोलीत फोनवरच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या मुलामुलींना शिकवते. कळवा, दिवा, दिघा, घणसोली इथून येतात, बरीचशी मराठी माध्यमातली. झोपेतून उठवून विचारा, 'पास्ट परफेक्ट कंटिन्युअस'ची रचना घडाघडा सांगतील. काल काय केलंस म्हटलं, की 'यस्टर्डे आय... आय वॉक...' आणि पुढे गाडी सायडिंगला.

गंमत अशी की इंग्रजीचं नियमित क्रियापद म्हणजे अगदी गरीब गाय. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. चार रूपं, संपलं. भविष्यकाळासाठी क्रियापद बदलतच नाही, पुढे 'विल' येऊन उभं राहतं. म्हणून तर आजचे बरेच व्याकरणकार म्हणतात की रूपाकडे पाहिलं तर इंग्रजीला काळ दोनच, वर्तमान आणि भूत. आता आपलं बघा. मी चालतो, मी चालते, तू चालतोस, तू चालतेस, तुम्ही चालता, ते चालतात. हा फक्त वर्तमानकाळ. भूतकाळात तर वाक्यात कर्म असलं की बहुतेकदा कर्ता बाजूलाच राहतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी पापड लाटला, पोळी लाटली, पोळ्या लाटल्या. इंग्रजीत लाटणारा कोण आणि लाटलं काय, काहीही असो, 'रोल्ड'. पोळी आणि पापड यांच्यात एकदाही न चुकणाऱ्या मुलीला 'तुझं व्याकरण कच्चं आहे' असं सांगायला जीभ कशी रेटते, मला खरंच कळत नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते दोनच जागी, आणि त्या तक्त्यात दोन्ही नसतात.

पहिली जागा उच्चाराची. भूतकाळासाठी क्रियापदामागे ईडी लावायची, हे सगळ्यांना माहीत असतं (इथे वर्गात हमखास हशा येतो, महाराष्ट्रात ईडी कोणाच्याही मागे लागते). पण ती बोलताना तीन तऱ्हांनी येते हे कोणी सांगत नाही, म्हणून मुलं 'वॉकेड', 'आस्केड' म्हणतात. आता शाळेतलं कठोर आणि मृदू व्यंजनांचं प्रकरण आठवा. क्रियापदाच्या शेवटी ऐकू येणारा आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, च, श, स किंवा 'लाफ'मधला फ, तर ईडीचा होतो ट: वॉक्ट, वॉश्ट, लाफ्ट. मृदू असेल तर ड: कॉल्ड, क्लीन्ड, लव्ह्ड. शेवटी स्वर असला तरी ड, जसं प्लेड. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर दोघांना एका दमात म्हणता येत नाही, म्हणून मध्ये इ घुसते: वॉन्टिड, नीडिड. झालं. पाठ करायची यादी नाही, गळ्यावर हात ठेवायचा. शेवटच्या आवाजाला घसा थरथरला तर ड, नाही तर ट.

हे आपल्याला परकं नाही. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, विपद् आणि काल मिळून विपत्काल. संधीच आहे ही. तिथे पुढचा आवाज मागच्याला आपल्यासारखा करतो, इंग्रजीत मागचा पुढच्याला, एवढाच फरक. 'ही', 'शी'मागे लागणारा एसही ह्याच वाटेने जातो: वॉक्सला स, पण कॉल्झला झाडातला झ, आणि वॉशला इझ.

बाकी 'वॉकेड' म्हणणाऱ्या पोराला हसू नका. काही शतकांपूर्वी इंग्रजीत ती ईडी पूर्ण उच्चारतच असत. 'विकिड', 'नेकिड' ह्या शब्दांत तो सूर अजून शिल्लक आहे. पोरगं चुकलेलं नाही, उशिरा पोचलंय.

दुसरी जागा 'डिड'. 'डिड यू कॉल्ड?', 'आय डिडन्ट कॉल्ड' हे मी रोज ऐकते. भूतकाळ 'डिड'ने उचलला, की मूळ क्रियापद मोकळं सुटतं. वर्गात मी एवढंच सांगते: एका कामासाठी ईडी एकदाच. हे मात्र लगेच लक्षात राहतं, का ते विचारू नका.

स्पेलिंगचं ('स्टॉप'चा पी दुप्पट, 'क्राय'चा वाय जाऊन आय) नंतर पाहता येतं, फोनवर स्पेलिंग दिसत नाही. पाठांतराची ताकद अनियमित क्रियापदांसाठी राखावी. गो, कम, सी, टेक, गेट ही रोजची सगळी वाकडी आहेत, तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही. 'वॉक वॉक्ड वॉक्ड, टॉक टॉक्ड टॉक्ड' घोकण्यात काय हशील? नवं क्रियापद आलं तरी नियमितच येतं, 'गूगल'चं आपोआप 'गूगल्ड' झालं. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन भाषा-संशोधक बाईंनी लहान मुलांना कधीच न ऐकलेली बनावट क्रियापदं दिली होती, 'रिक' वगैरे. इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलांनी बहुतेक वेळा त्याचा भूतकाळ 'रिक्ट' असा अचूक केला. त्यांना तक्ता कोणी दिला नव्हता, कान होता.

'समजलं म्हणजे झालं, उच्चाराचे कसले लाड' असं इथे कोणीतरी लिहिणारच. पण समोरच्याला 'आय कॉल द कस्टमर' ऐकू आलं की काम झालंय की व्हायचंय, हेच समजत नाही. पुन्हा विचारलं जातं, पोरगं घाबरतं आणि गप्प होतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या मंडळींना माझा प्रश्न: कठोर-मृदू व्यंजनं मराठीच्या तासाला येतात, त्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला ईडी घेता येईल का? कोणी करून पाहिलं असेल तर खाली लिहा, इयत्ता कुठली तेही सांगा.