माणसं मधूनच रस्ता का ओलांडतात?

पायी जाणाऱ्याला गाडीनं उडवल्याची बातमी आली की खाली ठरलेली प्रतिक्रिया येतेच: "लोकांना शिस्त नाही, कुठूनही घुसतात." मला हे मुळीच मान्य नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. इतकी सगळी माणसं केवळ बेशिस्तीनं मेली असं म्हणायच्या आधी एकदा टेप आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन आपल्या चौकात उभे राहा.

नेहमीचा सहापदरी रस्ता घ्या. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे सहा पदरांचे २१ मीटर. दुभाजक धरून २३. आपल्याकडचे सिग्नल आखताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे धडधाकट माणसाला १९ सेकंद लागणार. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ धरला तर २९. आता तुमच्या चौकात चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद टिकतो ते मोजा. १२-१५ सेकंद भरले तर आजी निम्म्या रस्त्यात असतानाच समोरच्या गाड्या सुटणार. त्यातही पहिले तीन-चार सेकंद लाल झाल्यावरही घुसणाऱ्या दुचाक्या जाईपर्यंत थांबण्यात जातात.

थांबण्याचंही तसंच. मोठ्या चौकात सिग्नलचा फेरा १५०-१८० सेकंदांचा असतो. तीसेक सेकंदांनंतर माणसाचा धीर सुटतो आणि तो गाड्यांमधली फट शोधू लागतो, हे जगात सगळीकडे दिसलेलं आहे. आणि झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा ३०० मीटरवर असेल तर जाऊन परत येण्याचे ६०० मीटर, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. समोर दिसणाऱ्या बसथांब्यासाठी रोज एवढा वळसा कोण घालेल? लोक जिथून ओलांडतात तिथे बहुतेक वेळा समोर बसथांबा, शाळा, बाजार किंवा दवाखाना असतो. झेब्रा तिथेच हवा.

यावर महापालिकांचं आवडतं उत्तर म्हणजे पादचारी पूल. शहरी रस्त्यावर पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. पुलाची जाडी धरून सहा मीटर. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली तर ४० चढायच्या आणि ४० उतरायच्या. लिफ्ट असली तरी ती चालू राहील याची खात्री कोण देणार? मुंबईत वांद्रे पूर्वेचा स्कायवॉक २००८ मध्ये मोठ्या उत्साहानं सुरू झाला आणि धोकादायक झाल्यानं पुढे पाडावा लागला. रेल्वेमार्ग किंवा द्रुतगती मार्ग असेल तर पूल हवाच, पण शहरातल्या रस्त्यावर चालणाऱ्याला वर चढवायचं ते गाडीचा वेग कमी करावा लागू नये म्हणून.

खरा प्रश्न वेगाचाच आहे. ताशी ५० किलोमीटरनं येणारा सावध चालक माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात १४ मीटर पुढे येतो आणि गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण १४ मीटर लागतात. तीसच्या वेगाला हे सगळं १३-१४ मीटरमध्ये आटपतं. म्हणजे १५ मीटरवर माणूस आला तर तीसवाला थांबतो, आणि पन्नासवाल्याचा ब्रेक लागायला लागतो तेव्हा माणूस मीटरभरावर असतो.

वेग पाटीनं कमी होत नाही, रस्त्याच्या घडणीनं होतो. सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे उचललेला झेब्रा: अख्खा पट्टा पदपथाच्या पातळीला, १५ सेंटिमीटर उंच, वरचा सपाट भाग तीन-चार मीटर रुंद आणि दोन्हीकडे उतार. गाडीला हळू व्हावंच लागतं, चाकाची खुर्ची सरळ जाते. इथे हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. कडेनं पाणी जायला चर ठेवत नाहीत, म्हणून पावसाळ्यात तळं साचतं. आणि पुन्हा डांबर टाकताना रस्ताच वर येतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांत उंची संपते. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये.

दुभाजकात थांबायला दोन मीटर रुंद जागा हवी. चाकाची खुर्ची सव्वा मीटरची असते, ढकलणाराही मावला पाहिजे. अर्ध्या मीटरच्या दुभाजकावर अंग चोरून उभं राहणं ही सोय नव्हे.

झेब्रावरही माणसं मरतात, त्याचं एक कारण फारसं कुणी बोलत नाही. कडेच्या पदरातली बस चालणाऱ्यासाठी थांबते. तिच्या आडून माणूस पुढे येतो आणि शेजारच्या पदरातून सुसाट आलेल्या दुचाकीला तो दिसतच नाही. म्हणून थांबरेषा पट्ट्याला चिकटून नको, तीन-चार मीटर मागे हवी. बसथांबाही झेब्रा ओलांडून पुढे हवा, म्हणजे उतरलेले लोक बसच्या मागून ओलांडतात. आणि फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मुभा, तर बंदच करावा, निदान त्याचं वळण काटकोनाच्या जवळ आणावं. ऐसपैस वळणावर गाडी वेग न सोडता वळते आणि चालक उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो, डावीकडच्या माणसाकडे त्याचं लक्षच नसतं.

कायदा चालणाऱ्याच्या बाजूचा आहे. सिग्नल नसलेल्या झेब्रावर चालकानं वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून वाट द्यायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं: रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत मानकं न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुणे महापालिकेनं तर २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मंजूर केलं आहे. पुणेकरांनो, तक्रार लिहिताना त्याचा उल्लेख आवर्जून करा.

तक्रारीत "रस्ता धोकादायक आहे" एवढंच लिहिलं तर कागद फिरत राहतो. आकडे लिहा: रस्त्याची रुंदी, चालणाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचे सेकंद, लागणारे सेकंद, दुभाजकाची रुंदी, गर्दीच्या पंधरा मिनिटांत किती जण झेब्रा सोडून ओलांडतात आणि नेमके कुठून. सिग्नलची वेळ हा वाहतूक पोलिसांचा विषय आणि पट्टे, पदपथ, दुभाजक महापालिकेचे, म्हणून एकच पत्र दोघांच्याही नावे द्या, दोन्हीकडची पोच घ्या, आणि महिनाभरानं तेच सेकंद पुन्हा मोजून त्याच पत्राला जोडा.