माल सिंगचा सव्वा मिनिट

2024 च्या जुलैत वाघनखं लंडनच्या म्युझियममधून साताऱ्याला आली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसती जुंपली होती, ती महाराजांचीच कशावरून, आणि असली तर 3 वर्षांच्या करारावर का, कायमची का नाही, आणि मी पडलो बर्लिनवाला, त्यामुळे 'तू काय बाबा, तिकडचाच' हा टोमणा मला बसलाच. मी गप्प बसलो. पण तेव्हापासून डोक्यात माल सिंग घोळतोय.

इथे हुम्बोल्ट विद्यापीठाचा जुन्या आवाजांचा संग्रह आहे, लाउटआर्किव्ह. पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढताना पकडले गेलेले हिंदुस्थानी शिपाई बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणीत होते, त्यांना भोंग्यासमोर उभं करून जर्मन तज्ज्ञांनी त्यांची भाषा तबकड्यांवर घेतली. 11 डिसेंबर 1916 ला माल सिंग बोलला, पंजाबीत, जेमतेम सव्वा मिनिट. बोलतोय स्वतःबद्दल पण 'मी' म्हणत नाही. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, मग इंग्रजांची चाकरी धरली, युद्धात आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचंय. मला पंजाबी येत नाही, पण 'मक्खन' कळतं हो, आणि ते एवढं कळलं तरी पुरतं.

आणि ह्या लोकांनी प्रत्येकाचा फॉर्म भरलाय! नाव, गाव, धंदा, लिहिता वाचता येतं का, गाता येतं का, आणि सगळ्यात खाली आवाजाबद्दल तज्ज्ञाचं मत. म्हणजे तो घरी जायचं म्हणतोय आणि समोरचा त्याचा आवाज कसा आहे ते लिहून घेतोय. इथले मित्र 'पण आम्ही जपलं तरी' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं, आणि जपलं हेही खरंच आहे, नाकारू कसं?

पण 'आमचं आम्हाला द्या' हे वाघनखांना जसं लागू पडतं तसं आवाजाला नाही पडत. आवाजाची कॉपी होते. बाहेर गेलेल्या रेकॉर्डिंगच्या प्रती भारतात आणायचं काम अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं केंद्र 1982 पासून करतंय, त्यावर कुठल्या ग्रुपवर भांडण झालेलं मी तरी पाहिलं नाही. प्रत आली की पुढे बसून ऐकायला लागतं ना, हा उच्चार कुठल्या बाजूचा, हा शब्द आता कोण वापरतं, आणि ते काम बर्लिनचा प्रोफेसर नाही करू शकत, त्या बोलणाऱ्याच्या मुलखातलाच कुणीतरी म्हातारा करू शकतो.

आपल्याकडे हे झालेलंय. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी प्वातवाँ ह्यांनी जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, गाणारणीच्या नावागावासकट, आणि तिथे कुणी कैदी नव्हतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिणार होतो, मग आठवलं, आजीच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याच घरी आहे. दादाला फोन केला. सापडली म्हणाला, वर बुरशी आलीय, आणि लेबलवर बाबांच्या अक्षरात फक्त 'आई' एवढंच. साल नाही, काही नाही. वाजवून बघ म्हटलं तर म्हणे, कशावर?