मुख्याध्यापकांच्या हातात नक्की किती पैसा असतो?

जून उजाडला की बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: सरकारी आणि महापालिकेच्या शाळांत एका मुलामागे खासगी शाळेच्या फीपेक्षा जास्त पैसा ओतला जातो. तरी मुख्याध्यापक दरवर्षी ‘निधी द्या, माणसं द्या’ म्हणून रडतात. शिक्षक गलेलठ्ठ पगार घेऊन बसून असतात. सयाजीरावांनी याच शहरात पैशावाचून, नुसत्या इच्छाशक्तीवर शाळा चालवून दाखवल्या. तेव्हा या शाळा बंद करा आणि पालकांच्या हातात व्हाउचर द्या, म्हणजे हव्या त्या खासगी शाळेची फी भरायला सरकारी पैशाचं कुपन. खाली हात जोडलेले इमोजी. यंदा तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या ग्रुपवर आला, आणि ज्यांची स्वतःची बाराखडी महापालिकेच्या शाळेत झाली अशा एका काकांनीही तो पुढे ढकलला.

मी शिक्षक नाही, हिशेबनीस आहे. मराठी माध्यमाच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंना मार्चअखेर ग्रँटचं रजिस्टर लावून देतो, तेवढाच माझा शाळेशी संबंध. म्हणून आधी पैशाचंच बोलू.

‘एका मुलामागे एवढा खर्च.’ हा आकडा काढतात कसा? एकूण खर्च भागिले पटसंख्या. एकूण खर्चातला सिंहाचा वाटा पगाराचा, आणि तो शिक्षकाच्या खात्यात परस्पर जमा होतो. मुख्याध्यापकाला त्यातला रुपया इकडचा तिकडे करता येत नाही. आता खालची संख्या बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. पट ६० वरून ३० वर आला तरी शिक्षक दोनच राहतात. म्हणजे सरकारने एक पैसाही जास्त दिलेला नसताना ‘एका मुलामागचा खर्च’ दुप्पट झालेला दिसतो. लोक मुलं काढून घेतात, आकडा फुगतो, आणि तो फुगलेला आकडा दाखवून उरलेल्यांनाही मुलं काढायला सांगतात.

शाळेला स्वतः खर्च करता येतो तो पैसा वेगळा. समग्र शिक्षा योजनेत त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. वर्षाची मर्यादा पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. यातला किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पट २४० धरा. मुलामागे वर्षाला २०८ रुपये, महिन्याला जेमतेम सतरा. हजार मुलांच्या शाळेत हाच हिशेब महिन्याला सव्वासहा रुपयांवर येतो. आणि पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या एका मुलाच्या एका दिवसाच्या जेवणाला धान्य सोडून जे साहित्य लागतं, त्याचा १ मे २०२५ पासूनचा दर आहे ६ रुपये ७८ पैसे. थोडक्यात, मोठ्या शाळेतल्या मुलाच्या वाट्याचं महिन्याचं अनुदान त्याच्या एका दिवसाच्या आमटी-भाजीलाही पुरत नाही.

बाईंचं रजिस्टर उघडलं की हे डोळ्यांनी दिसतं. खडू, डस्टर, फिनाइल, झाडू, नळाचे वायसर, ट्यूबलाइट, प्रिंटरची शाई, झेरॉक्स, प्रथमोपचार पेटीतला कापूस. मग पुन्हा झेरॉक्स. एका वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे पक्कं बिल मिळेना, पक्क्या बिलाशिवाय खर्च पास होईना, आणि कडी नाही म्हणून मोठ्या मुली आत जायला तयार नाहीत. बाईंनी कडी पर्समधून आणली. रजिस्टरमध्ये ती कुठेच नाही.

आता खासगी शाळांकडे वळू, कारण फॉरवर्डमध्ये तुलना त्यांच्याशी आहे. गुजरातच्या २०१७ च्या फी-नियमन कायद्यात प्राथमिकसाठी वर्षाला १५ हजारांची रेषा आखलेली आहे. त्यापेक्षा जास्त फी घ्यायची तर शाळेला हिशेबाच्या वह्या घेऊन एफआरसीपुढे, म्हणजे फी-नियमन समितीपुढे, उभं राहावं लागतं. राज्यात अशा चार विभागीय समित्या ठरल्या, त्यातली एक बडोद्याची. तिथे शाळा काय मांडतात? शिक्षकांचे पगार, इमारतीची देखभाल, वाढती महागाई. एवढ्यात भागत नाही, हेच ना? तेच वाक्य महापालिकेच्या मुख्याध्यापकाने उच्चारलं की ते रडगाणं. शिवाय फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. व्हॅन, ठरावीक दुकानातला गणवेश, वह्यापुस्तकं आणि संध्याकाळची ट्यूशन पालक वेगळी भरतात, ती त्या फॉरवर्डमध्ये धरलेली नाही.

‘गलेलठ्ठ पगार.’ जुन्या कायम शिक्षकांचा पगार छोट्या खासगी शाळांपेक्षा चांगला आहे, यात वाद नाही. पण नवा विद्यासहायक, म्हणजे प्राथमिकला नव्याने लागलेला सरकारी शिक्षक, पहिली पाच वर्षं फिक्स पगारावर असतो. ऑक्टोबर २०२३ च्या तीस टक्के वाढीनंतर ही रक्कम महिना २६ हजार झाली. त्याच वर्षी आलेल्या ज्ञान सहायक योजनेत प्राथमिकचा शिक्षक २१ हजारांवर, अकरा महिन्यांच्या करारावर येतो. करार संपला की वर्गाला नवा चेहरा. मुख्याध्यापक ‘माणसं द्या’ म्हणतात तेव्हा कायमची माणसं मागत असतात.

‘बसून असतात.’ हे कोण लिहितं, त्याला एकदा नोव्हेंबर २०२५ मधली शाळा दाखवायला हवी होती. ४ तारखेपासून मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली, गुजरात त्यात होतं, आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार फिरणाऱ्यांत मोठा भरणा शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना परवानगी देतंच, त्यामुळे तक्रारीला जागाही नाही. पण वर्गावरचा शिक्षक गेल्यावर त्याच्या जागी कोणी येत नाही. दोन वर्ग एका खोलीत बसवतात आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा मुख्याध्यापकच उभे राहतात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद प्राथमिकला १५० च्या वर आणि उच्च प्राथमिकला १०० च्या वर पट असेल तेव्हाच आहे. त्याखालच्या शाळेत ‘मुख्याध्यापक’ म्हणजे स्वतःचा वर्ग सांभाळून बाकीचं बघणारा शिक्षक. प्राथमिक शाळेला कारकून तर कायद्यातच धरलेला नाही. हजेरी ऑनलाइन, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधारची दुरुस्ती, यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती, बँकेची कामं, सगळं एकाच टेबलावर. गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात भिंतभर पडद्यावर राज्यातल्या शाळांचे आकडे झळकतात. ते बघायला बाहेरून पाहुणेही येतात. ते आकडे खाली कोण भरतं, हे पडद्यावर दिसत नाही.

बाईंना मी विचारलं होतं, एकच गोष्ट मिळणार असेल तर काय मागाल? स्मार्ट बोर्ड म्हणतील अशी माझी अटकळ. त्या म्हणाल्या, “एक कारकून द्या. आणि ग्रँट जूनमध्ये द्या हो, फेब्रुवारीत नको.” हिशेबनिसाला यातलं दुसरं वाक्य लगेच कळतं. छप्पर गळतं जुलैत. पैसे वर्ष सरता सरता आले की ३१ मार्चच्या आत संपवायची घाई. मग जे पटकन मिळेल आणि ज्याचं पक्कं बिल मिळेल ते घ्यायचं, जे लागतं ते नव्हे. ऑडिटवाला कागद बघून खूश, छप्पर तसंच. राज्याने एक पैसाही न वाढवता फक्त तारीख बदलली तरी मुख्याध्यापकांची अर्धी यादी निकाली निघेल.

आता सयाजीराव. इथे मात्र फॉरवर्डवाल्यांनी इतिहास पार उलटा टांगला आहे. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदा संस्थानात नेला. सक्ती होती, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पण शिक्षण मोफत होतं, आणि मोफत याचा अर्थ पैसे संस्थानाच्या तिजोरीतून गेले. वाचनालयांचं जाळं उभारायला १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डनना बोलावलं, ते काय फुकट आले? बडोद्याचाच दाखला देत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात, ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते पडलं. विरोधकांच्या मुद्द्यांत खर्च हा मोठा मुद्दा होता. इच्छा आणि पैसा दोन्ही असले तर काय होतं ते बडोद्याने दाखवलं, पैसा नाकारला तर काय होतं ते कलकत्त्याने. पुढे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच सहा टक्के लिहावे लागले.

राहिलं व्हाउचर. त्याचं छोटं रूप आपल्याकडे आहेच: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ मधल्या, खासगी शाळांतल्या गरीब-वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा. सरकार त्या शाळांना स्वतःचा मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल ते देतं. गुजरातने २०२५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा सहा लाखांवर नेली, म्हणजे रांग आणखी लांबली. या जागा चांगल्याच आहेत, मिळतील त्यांनी घ्याव्यात. पण त्या पहिलीच्या प्रवेशाच्या. दाहोदहून बांधकामावर आलेल्या जोडप्याचं मूल ऑगस्टमध्ये, जन्मदाखल्याशिवाय, थेट चौथीत बसायला येतं. त्याला बाई नाही म्हणू शकत नाहीत आणि म्हणत नाहीत. शिवाय त्या जागांवरची मोफत सोय आठवीला संपते. नववीपासून ते मूल त्याच शाळेत पूर्ण फीवर, किंवा बाहेर. फॉरवर्डमधलं व्हाउचर कितवीपर्यंत चालणार, हे काकांना विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही, दोन निळ्या खुणा मात्र आल्या आहेत.