हिरवट शर्ट मुद्दाम आहे, सरकलेला लाल मात्र आमची चूक

नमस्कार भाऊ,

'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या मालिकेवरून केलेल्या आमच्या पोस्टरला तुम्ही दोन तारे दिलेत. कॅप्टनचा शर्ट पिवळा नसून हिरवट आहे, लाल रंग रेघेबाहेर गेलाय, जवळून ठिपके दिसतात, जहाज मालिकेतलं नाही, आणि शेवटी, "रेट्रो म्हणजे खराब छपाई खपवायचं नाव झालंय." हे वाक्य मनाला लागलं. पण तुमचा फोटो मोठा करून पाहिला, आमच्याकडची त्याच दिवशीची प्रत पट्टीने मोजली, आणि लालबद्दल तुमचं म्हणणं बरोबर निघालं.

आमची छपाई स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर दाबायची. चार रंगांचं पोस्टर म्हणजे चार जाळ्या. एकच कागद चारदा जाळीखाली जातो. जुन्या पोस्टरांत रंग किंचित सरकलेला असायचा. तसं दिसावं म्हणून आम्ही लाल एक मिलिमीटर उजवीकडे ठेवतो. तुमच्या प्रतीत तो अडीच मिलिमीटर सरकलाय. याला मी रेट्रो म्हणणार नाही.

झालं असं. छपाई मे महिन्यातली, आणि नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहापासून कूलर बंद ठेवून काम चालू होतं, कारण वाऱ्याचा झोत लागला की शाई जाळीतच वाळते. लाल हा शेवटचा रंग. ४० पैकी २६ प्रती झाल्या तोवर दुपार झाली, पारा ४५ च्या वर गेला, पोरांना उभं राहवेना. कूलर लावा असं मीच सांगितलं. कूलरची हवा ओली असते. कोरडा कागद ती ओल पितो आणि फुगतो. १८ बाय २४ इंचांचा कागद दीड मिलिमीटर वाढायला तेवढं पुरतं. राहिलेल्या १४ प्रतींवर लाल त्या फुगलेल्या कागदावर बसला. मी त्या वेळी प्रत्येक प्रत तपासायला हवी होती. तपासली नाही. तुमची प्रत त्या १४ मधली आहे. त्यातल्या न विकलेल्या प्रती बाजूला काढल्यात, आणि ज्यांच्याकडे गेल्यात त्यांना मी स्वतः फोन करतोय.

शर्टाचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी मागे हटणार नाही. १९६६ ला ही मालिका अमेरिकेत सुरू झाली तेव्हा कॅप्टनचा नेहमीचा शर्ट खरं तर हिरवट वेलोरचा, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचा होता. स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी उमटायचा, म्हणून जगभर तो पिवळाच ठरला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. माझ्यासाठी मालिकेतले पिवळा, निळा, लाल हे तिन्ही शर्ट करडेच. कोणाचा कुठला रंग यावर आम्ही भावंडं भांडायचो. पुढे हिरव्याची हकीकत वाचली तेव्हापासून हा रंग करायचं डोक्यात होतं. पिवळ्यात चिमूटभर काळा आणि निळा घालत आठ वेळा शाई मिसळली. खिडकीजवळ तो हिरवा दिसतो, रात्री पिवळ्या बल्बखाली सोन्याकडे झुकतो. घरी एकदा तसं लावून बघा, एवढी विनंती.

ठिपकेही मुद्दामच. करड्या रंगाची वेगळी शाई आम्ही वापरत नाही. काळ्याचेच ठिपके लहानमोठे करून सावली येते, आणि त्यांच्या रांगा ४५ अंशात तिरप्या ठेवल्या की डोळ्याला कमी खुपतात. हे पोस्टर चार फुटांवरून पाहायचं आहे. विकताना ते लिहायला हवं होतं, आता लिहिलंय.

जहाजाबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत, ते मालिकेतलं नाहीच. मालिकेचं नाव, चिन्ह, कलाकारांचे चेहरे ही दुसऱ्यांची मिळकत आहे, म्हणून त्यातलं काहीही आम्ही पोस्टरवर छापत नाही. जहाज आमचं आहे. त्यात एक गोष्ट मात्र मॅट जेफरीज यांच्याकडून शिकलेली. मालिकेतलं जहाज त्यांनी रेखाटलं, तेव्हा बाहेरचं अंग गुळगुळीत ठेवलं. दुरुस्ती लागणारी यंत्रं आतून हाताशी असावीत, असा त्यांचा विचार होता. सपाट शाईत छापायला असं अंग फार शोभतं, आणि मला त्या विचाराबद्दल मनापासून आदर आहे.

तुमच्यासाठी नवी प्रत काढून ठेवली आहे. चारही रंग एकाच सकाळी, कूलर बंद ठेवून मारलेत, आणि लाल मी स्वतः मोजलाय. सीताबर्डीच्या दुकानातून घेऊन जा, नाहीतर पत्ता कळवा, आमच्या खर्चाने घरी पोचवतो. पैसे परत हवे असतील तर तेही देतो. जुनी प्रत फेकू नका. येताना आणलीत तर बरं होईल, कागद नेमका कुठल्या बाजूने जास्त वाढला ते मला तिच्यावर मोजायचंय.