पुढचा मुक्काम आधी ठरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातल्या ऑर्डर एका सिस्टिमकडून दुसरीकडे कशा पाठवल्या, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. ऑर्डर कुठे पाठवायच्या एवढ्यासाठी डायनॅमिक राउटर (प्रत्येक टप्प्यानंतर पुढचं ठिकाण ठरवणारी प्रोग्रॅममधली रचना) कशाला, चार इफ-एल्स (‘असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशा अटी) पुरेत, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय माझ्या पद्धतीत मेसेज (म्हणजे सिस्टिममधून फिरणारी ऑर्डर) कुठे गेला ते शोधण्यात रात्र जाते, असंही. दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्यावर मात्र मी ठाम आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात ऑर्डर आली की आधी सुताचा स्टॉक बघतात. हव्या शेडचं सूत शिल्लक असेल तर थेट लूम (माग) प्लॅनिंगला, नसेल तर डाइंगला (रंगाईला). शेड जुळली नाही तर परत डाइंगलाच. लूम मोकळे नसले तर शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागधारकाकडे जॉबवर्कला, आणि दिवाळीच्या तोंडावर ही नावं दर आठवड्याला बदलतात. यातलं काहीही ऑर्डर निघताना माहीत नसतं. तुमचे इफ-एल्स मेसेज बघून एकदाच फाटा निवडतात. रूटिंग स्लिप घेतली तरी मुक्कामांची यादी सुरुवातीलाच चिकटवावी लागते. डायनॅमिक राउटर प्रत्येक मुक्कामानंतर पुन्हा विचारतो, आता कुठे? मला नेमकं तेच हवं होतं. नियम टेबलात असल्यामुळे नवा यंत्रमागधारक जोडायला डिप्लॉयमेंटही (प्रोग्रॅम नव्याने चढवणं) लागत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. सिस्टिम एकमेकींना जोडायला मी अपाची कॅमल ही सॉफ्टवेअर लायब्ररी वापरतो. तिचा डायनॅमिक राउटर पुढचं ठिकाण सांगणाऱ्या आपल्या मेथडने ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’) परत केलं तरच थांबतो. एका रात्री डाइंगच्या सिस्टिमकडून शेडचा रकाना कोराच आला. आमच्या नियमाने कोरं म्हणजे ‘जुळली नाही’ असं धरलं. ऑर्डर डाइंगला परत, पुन्हा कोरं, पुन्हा परत. सकाळी लॉगमध्ये पानंच्या पानं एकच ऑर्डर नंबर. चूक माझी होती. नियम लिहिताना कोऱ्या रकान्याचा मी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक मुक्कामाला मेसेजच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीत) ठिकाण, वेळ आणि कोणत्या नियमाने पाठवलं त्याचा नंबर लिहिला जातो. बारा मुक्काम झाले की ऑर्डर डेड लेटर क्यूमध्ये (अडकलेले मेसेज बाजूला ठेवायच्या रांगेत) पडते आणि सुपरवायझरला एसएमएस जातो. मुक्काम मोजणारा आकडाही मेसेजसोबतच ठेवलाय, कारण तो बीनच्या (सगळ्या ऑर्डरींसाठी सामाईक असलेल्या राउटरच्या ऑब्जेक्टच्या) फील्डमध्ये ठेवला तर एकाच वेळी धावणाऱ्या दोन ऑर्डरींची मोजणी एकमेकींत मिसळते. हे सगळं मूळ लेखात यायलाच हवं होतं. आज त्यात घालतो.

आणि हो, नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाचं बिलिंग अकाउंटिंगला जोडायचं असेल, तर मीही इफ-एल्सच लिहीन.