नऊ मिनिटांत पाहिलेला सिनेमा

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका.

यावल तालुक्यात बहिणीच्या मळ्यात भरीत पार्टी होती. थंडी पडली की आपल्याकडे हे आलंच. वांगी काट्यांवर भाजून झाली होती आणि आम्ही चारपाच जण बोटं पोळून घेत सालं काढत बसलो होतो. भाचा येऊन शेजारी टेकला. गुणी पोरगा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, माझा लाडका. म्हणाला, "मामा, तुमचा तो 'बायसिकल थीव्ज' पाहिला बरं का. शेवटी बापच चोर निघतो! काय भारी ट्विस्ट आहे."

मला कोण आनंद झाला! दोन वर्षं त्याच्या मागे लागलोय. विचारलं, कुठे मिळाला, प्रिंट कशी होती? तर म्हणे, "अख्खा नाही पाहिला. यूट्यूबवर हिंदीत एक्सप्लेन केलाय ना, नऊ मिनिटांत. सगळं सांगतात त्यात."

सगळं सांगतात म्हणे!

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून भाऊजींचे एक स्नेही म्हणाले, "अहो, ते पुण्या-मुंबईकडच्या लोकांचं काम. काळे-पांढरे पिक्चर, खाली इंग्रजी अक्षरं. आपल्या खान्देशी माणसाला त्यातलं काय कळणार?" सगळे हसले. मी नाही हसलो. भरीत झकास झालं होतं, पण घास उतरेना. धुळ्याला येईपर्यंत गाडीत बायकोशी एक शब्द बोललो नाही. तिचा काही दोष नसताना.

तिथे पंगतीत बोललो नाही ते इथे बोलतो.

२००९ चा मे महिना. मी सुट्टीला गावी गेलो होतो, अमळनेर तालुक्यात. आई तेव्हा साठीची. दुसरीपर्यंत शाळा झालेली, सही करते, एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचते. इंग्रजीचा संबंध नाही. धुळ्याहून नेलेला डीव्हीडी प्लेअर मी टीव्हीला जोडला आणि 'बायसिकल थीव्ज' लावला, खरं तर माझ्यापुरता. दिवसभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालून थकलेली आई भिंतीला टेकून लसूण सोलत बसली. म्हटलं, पाहील पाच मिनिटं आणि झोपेल.

सिनेमा १९४८ चा, व्हित्तोरिओ डी सिकाचा. युद्धानंतरचं रोम, कामधंदा नाही. अँतोनियोला भिंतीवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, पण अट अशी की सायकल पाहिजे, आणि सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको तरातरा जाते, पलंगावरच्या चादरी ओढून काढते. आई म्हणाली, "गहान ठेवस ना ती?" मी हो म्हटलं. मी एकही ओळ वाचून दाखवली नव्हती तिला. पुढे गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. चढतो, चढतो, आणि कॅमेरा वर पाहतो तर छतापर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी. अख्ख्या गावाची अंथरुणं. कोणी एक शब्द बोलत नाही.

आईच्या हातातला लसूण तसाच राहिला. माझ्या अकरावीच्या फीसाठी तिच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. ती काही बोलली नाही. मीही नाही.

सायकल चोरीला जाते. बाप आणि सात-आठ वर्षांचा ब्रूनो रोमभर ती शोधत फिरतात. कुठेच काही लागत नाही, आणि वैतागलेला बाप पोराच्या थोबाडीत मारतो. नेमकी त्याच वेळी आमची लाइट गेली. तेव्हाचं लोडशेडिंग आठवत असेल तुम्हाला, गेली म्हणजे गेली. आम्ही अंगणात खाटा टाकून झोपलो.

पहाटे पाचला आई सडा टाकत होती. मी उठून बसलो तर बादली खाली ठेवून तिने पहिला प्रश्न विचारला: "भाऊ, त्या पोऱ्याले कोनी जेवाले दिनं का?"

रात्रभर तिच्या मनात तो इटलीतला पोरगा उपाशी बसलेला होता.

आता सांगा, कोणाला काय कळत नाही? अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंची गाणी आपण शाळेत पाठ करतो, आज खाल्ली ती वांगी त्यांच्याच असोद्याची होती, आणि त्याच पंगतीत म्हणायचं की आपल्या माणसाला कळणार नाही? तुम्ही दाखवलं कधी? खान्देशात असा सिनेमा पडद्यावर लागतोच कुठे? मला स्वतःला हे पाहायला पुण्यात शिकायला जावं लागलं, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये. न दाखवताच 'कळत नाही' असा शिक्का मारून मोकळे!

'मंथन' कोणाच्या पैशावर निघाला माहितेय? १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, त्यावर. तो सिनेमा २०२४ मध्ये नव्याने दुरुस्त करून फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवला. आणि त्यात काम करणारी स्मिता पाटील आपल्या शिरपूरच्या घरातली. शेतकऱ्याला सिनेमा कळत नाही म्हणणाऱ्यांनी यावर काय ते बोलावं.

बरं, हे सिनेमे संथ असतात, मान्य. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री कोट्या आणि गाणी हवीशी वाटली तर त्यात चूक काही नाही. तेही मान्य. आणि त्या एक्सप्लेनवाल्यांमुळे एखादा पोरगा मूळ सिनेमापर्यंत पोचतही असेल. असेल एखादा.

पण भाच्या, तू पोचला नाहीस ना.

'बाप चोर निघतो' म्हणालास. अरे, निघत नाही तो! फुटबॉलच्या मैदानाबाहेर शेकडो सायकली लावलेल्या असतात. हा थकून कडेला बसलेला. पलीकडे एका दाराशी एकच सायकल, एकटी. तो उठतो, फिरतो, परत बसतो, डोक्यावरची टोपी काढतो, घालतो. पोराच्या हातात पैसे देऊन त्याला ट्रामने पुढे जायला सांगतो. का, तर पोराने पाहू नये म्हणून. आणि पोराची ट्राम चुकते. एवढा वेळ आपण त्या माणसाबरोबर त्या फुटपाथवर असतो. नको करू रे, म्हणत असतो, आणि कर बाबा, असंही म्हणत असतो. याला तू ट्विस्ट म्हणतोस?

जो माणूस हे काम करतो तो नटही नव्हता. लाम्बेर्तो माज्जोरानी, कारखान्यातला कामगार. एक अमेरिकन निर्माता पैसा ओतायला तयार होता, पण नायक कॅरी ग्रँट पाहिजे म्हणाला. डी सिकाने ऐकलं नाही. बरं झालं.

लंडनमध्ये १९५० साली हाच सिनेमा पाहून सत्यजित राय नावाच्या जाहिरात कंपनीतल्या माणसाला वाटलं की आपणही असं करू शकतो. त्यातून 'पथेर पांचाली' आला, १९५५ ला. त्याचाही 'सारांश' मी मुद्दाम आत्ता जेवण झाल्यावर पाहिला. त्यात एक वाक्य आहे: दुर्गा मर जाती है. झालं. आणि सिनेमात काय आहे? बाप कित्येक महिन्यांनी घरी येतो. त्याला काहीच माहीत नाही. बायकोपुढे पिशवीतून एकेक वस्तू काढून ठेवतो, घरासाठी हे आणलं, ते आणलं, आणि मग लेकीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी. बायको, सर्वजया, ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई वाजते. मी हे किती वेळा पाहिलंय त्याला गणती नाही, आणि दर वेळी साडी बाहेर यायच्या आधी मला उठून जावंसं वाटतं.

'संत तुकाराम'बद्दल तर मी कोणाशी वादच घालत नाही. प्रभातचा, १९३६ चा, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. सगळे तुकाराम झालेल्या पागनिसांचं कौतुक करतात, करावंच. पण माझ्या आईला विचाराल तर सिनेमा जिजाईचा. गौरी नावाच्या बाईने केलीय ती. पोरगं आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात, तेव्हा ही पायातली वहाण हातात घेऊन थेट विठोबावर धावून जाते. आई ते पाहताना दर वेळी म्हणते, "बरोबर शे तिनं." तिचं बरोबरच आहे म्हणे.

'इकिरू' जपानच्या कुरोसावाचा, १९५२ चा. एका कामासाठी ज्याने सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर हेलपाटे घातलेत त्याने तो पाहावाच. मी शेताच्या उताऱ्यावरच्या एका चुकीच्या नावासाठी तीन वर्षं घातलेत. त्यातल्या बायका डबकं बुजवून द्या म्हणून अशाच टेबलोटेबली फिरतात, आणि शेवटी एक मरायला टेकलेला विभागप्रमुख त्यांचं काम मनावर घेतो. बर्फात झोपाळ्यावर बसून तो गाणं म्हणतो ते आठवलं तरी मला गप्प व्हायला होतं. इराणच्या कियारोस्तामीचा, शाळासोबत्याची वही परत द्यायला शेजारच्या गावी धावणाऱ्या पोराचा सिनेमा आहे, १९८७ चा. तो घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासोबत पाहा. वहीतल्या फुलापर्यंत थांबा.

राग थोडा उतरलाय लिहिता लिहिता. आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३ चा. म्हातारा-म्हातारी ओनोमिची नावाच्या लहान गावाहून टोकियोला मुलांकडे येतात. मुलं वाईट नाहीत. एक डॉक्टर, एकीचं ब्यूटी पार्लर, कामात बुडालेली. आईबापांना फिरवायला कोणाला वेळ नाही, म्हणून पैसे गोळा करून त्यांना आतामीला पाठवतात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी. तिथे रात्रभर गोंगाट, म्हाताऱ्यांना झोप नाही. ती लवकर परत येतात तर लेकीला अडचण, घरी तिची बैठक ठरलेली. त्या मोठ्या शहरात त्या दोघांना रात्री टेकायला जागा उरत नाही. म्हातारी जाते विधवा सुनेच्या एका खोलीत. ती सून, नोरिको, तेवढी एकटी दिवसभर रजा काढून त्यांना फिरवून आणते.

१३६ मिनिटांचा आहे. एका जागी ठेवलेला, जमिनीलगतचा कॅमेरा. आपल्या घरात आई सतरंजीवर बसते तेवढ्याच उंचीवरून तो पाहतो.

दोन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे धुळ्याला महिनाभर राहायला आली होती. मार्चअखेर होती, मला हिशेबांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती, मुलीची परीक्षा होती. अकराव्या दिवशी मी तिला शिर्डीच्या बसमध्ये बसवून दिलं, गावातल्या बायकांच्या ग्रुपसोबत. तिकीट काढलं, हातात दोन हजार ठेवले. खूप केलं असं मनापासून वाटलं होतं मला. परत आली तेव्हा म्हणाली, "दर्शन चांगलं व्हयनं," आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेली. त्या रविवारी कशाला कोण जाणे, मी 'टोकियो स्टोरी' पुन्हा लावला. आतामीच्या बंधाऱ्यावर ती दोघं कडेला बसलेली असतात, पाठमोरी. मी तिथेच बंद केला आणि आईला फोन लावला. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

हे नऊ मिनिटांत झालं असतं का मला? 'मुलं आईबापांकडे दुर्लक्ष करतात', एवढं एक वाक्य ऐकून मी फोन उचलला असता का? वांगं गॅसवर भाजलेलं आहे हे तुम्हा लोकांना पहिल्या घासाला कळतं, ताट बाजूला सारता तुम्ही. मग इथेच कसं चालतं रे तुम्हाला?

त्या पहाटेचं राहिलं. लाइट सहाला आली आणि माझी एसटी आठची होती. आईने चूलही पेटवली नाही, आधी टीव्हीपुढे बसली. थप्पड मारल्यावर बाप पोराला हॉटेलात नेतो. जवळ होते नव्हते ते पैसे घालवतो. ब्रूनोच्या हातातल्या ब्रेडमधून चीजची तार निघते, लांबच लांब, तुटता तुटत नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा श्रीमंताघरचा पोरगा त्याच्याकडे बघत असतो. आई खुदकन हसली. "जेवना बरं," म्हणाली. मग तो शेवट. लोक बापाला धरतात, पोरगा रडत त्याची खाली पडलेली टोपी उचलतो, हाताने झटकतो. गर्दीत चालता चालता बापाच्या हातात हात देतो. संपलं.

आई बराच वेळ तशीच. मग विचारलं, "सायकल नहीच सापडनी?" नाही म्हटलं. "मंग आते तो कामवर कसा जाई?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

तर येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या घरी 'बायसिकल थीव्ज' लावतोय. धुळ्यातले, जवळपासचे, ज्यांना यायचं त्यांनी या. मोबाइल दारातल्या टोपलीत. भाऊजींच्या स्नेह्यांनाही निरोप दिलाय. आईला शनिवारीच आणायला जातोय. मघाशी तिला फोनवर सगळी हकिकत सांगितली, नातवाने नऊ मिनिटांत कसा पाहिला ते. मला वाटलं, तीही चिडेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यालेबी बलाव. भाकरी मी टाकसू, जेवालेच ये म्हन."