‘टॉवर १८५७’ कोरलंय म्हणून बंदूक सत्तावनची ठरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘चोर बाजारात मुकुट आणि टॉवर कोरलेली ठासणीची बंदूक दिसली तर सोडू नका. ती लंडनच्या टॉवरमध्ये घडलेली आणि १८५७ साली शिपायांनी वापरलेली असते. लिंबू घासून चकचकीत करा, किंमत दुप्पट होईल. शंभर वर्षांपेक्षा जुनी म्हणून परवाना लागत नाही.’ यावर विश्वास ठेवून लोक पैसे घालवतात आणि चांगली जुनी वस्तू कायमची बिघडवतात.

‘लंडनच्या टॉवरमध्ये घडलेली’: टॉवर हा सरकारी शस्त्रखात्याचा शिक्का होता. नळ्या आणि लॉक (घोडा बसवलेली बार उडवणारी यंत्रणा) बहुतांशी बर्मिंगहॅमचे कंत्राटदार करत. खातं ते तपासून घेई, जुळणी करवी. म्हणजे शिक्क्यावरून माल कोणी पास केला ते कळतं, कोणी घडवला ते नाही.

‘१८५७ साली शिपायांनी वापरलेली’: शिपायांना हत्यारं पुरवायची ईस्ट इंडिया कंपनी, आणि कंपनीची खूण वेगळी होती. १८०८ पर्यंत चार खणांचं बदामी चिन्ह, त्यानंतर पुढच्या पंजांत मुकुट धरून उभा असलेला सिंह. बंदूक शिपायाची असल्याचं सांगत असतील तर आधी हा सिंह शोधावा.

मग घोडा बघावा. त्याच्या जबड्यात चकमक धरायची सोय असेल आणि लॉकवर १८५७ असेल, तर तिथेच थांबावं. ब्रिटिश लष्कराने १८४० च्या सुमारास चकमक सोडून केप (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी स्फोटक टोपी) घेतली होती. त्यानंतर पंधरा-सतरा वर्षांनी सरकारी खातं चकमकीच्या नव्या लॉकवर साल कशाला ठोकेल? असा तुकडा बहुतेक वेळा शोभेसाठी केलेली नक्कल असतो.

केपाची असली तरी ती एन्फील्ड रायफल असेलच असं नाही. काडतुसांचा वाद ज्या १८५३ च्या एन्फील्डवरून पेटला, ती १८५७ च्या सुरुवातीला डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे शिकवायला आणली होती. बहुतेक पलटणींच्या हातात तेव्हा गुळगुळीत नळीच्या मस्केटीच होत्या. खऱ्या लांब एन्फील्डची नळी ३९ इंच, व्यास ०.५७७ इंच, आत तीन पीळ (गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा), बाहेर तीन पट्ट्या, एकूण लांबी सुमारे ५५ इंच. टॉर्च मारून नळीत पीळ दिसतात का बघावं. मोजपट्टी खिशात असावीच. लॉकवरचं सालही एकट्याने पुरेसं नसतं. १८६६ पासून जुन्या एन्फील्डना मागून भरायची स्नायडर ब्रीच बसवली गेली, लॉक मात्र जुनाच राहिला.

नक्कल ओळखायला अक्षरांकडे निरखून बघावं. धातूला खड्डे पडलेत पण अक्षरांच्या कडा धारदार, म्हणजे अक्षरं नंतर ठोकलेली. उलटा ‘एन’ ही खैबरकडच्या नकलांची ठरलेली खूण. स्क्रूचे आटे आणि खाचा आजच्या वाटल्या, लॉकच्या आतल्या बाजूला ओतकामाची बारीक भोकं दिसली, तर लाकूड कितीही काळवंडलेलं असो, त्याला भुलू नये.

‘लिंबू घासा’: कृपा करून असं करू नका. आम्ल शिक्के झिजवतं, खड्ड्यांत उरतं आणि मुंबईच्या पहिल्या पावसात लाल गंज परत आणतं. हात लावण्याआधी बंदूक भरलेली नाही ना ते तपासावं. लाकडी काठी नळीच्या तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीला बाहेरून लावायची. टोक कानाच्या (चकमकीच्या बंदुकीचं बत्तीचं भोक) किंवा निपलच्या (केप बसवायची बोंडी) एक-दोन इंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. शंभर वर्षांची दारूही कोरडी असली तर पेटते. ती स्वतः उकरू नये. परवानाधारक कारागिराला किंवा पोलिसांना कळवावं.

नळी रिकामी असेल तर सुटा लाल गंज तेवढाच काढायचा. शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवावं, ०००० नंबरच्या स्टील वुलने हलकेच घासावं, पुसावं, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. तपकिरी-काळा थर राहू द्यावा. जाणकार गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. कातडी म्यानात किंवा फोमच्या पिशवीत ठेवू नये, दोन्ही ओल धरून ठेवतात.

‘परवाना लागत नाही’: शंभर वर्षांचा आकडा बहुधा १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातून उचलला आहे, शस्त्र परवान्याशी त्याचा संबंध नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ सूट देतं ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्याराला. नुसता घोडा बदलला की चालेल अशी बंदूक त्यात बसत नाही. २०२० च्या नियमबदलाने क्युरिओ (संग्रहातली जुनी वस्तू) वर्गातली हत्यारं बाळगायला सूट मिळाली. वापरायला आणि इकडून तिकडे न्यायला मात्र परवाना लागतोच. म्हणजे चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून टॅक्सीत घालून घरी आणणं हीसुद्धा ने-आणच. आधी पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेत फोटो आणि मापं दाखवून लेखी उत्तर घ्यावं, विसार त्यानंतर द्यावा.